थांब म्हणजे कोणतं थांब

औरंगाबाद,
१९ ऑगस्ट २०१८

जब्बार, सलाम.

जहांआराभाभी, तुम्हालाही सलाम, कारण हे पत्र वाचून दाखवणार तुम्हीच. तुमच्या नवऱ्याला मराठी अक्षर वाचायला बसवलं तर पहिलं पान संपेस्तोवर जुम्मा उजाडेल. तुम्ही पैठणच्या मराठी शाळेतल्या. तुमच्यासाठी अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मेलला तो उत्तर देत नाही, फोन उचलत नाही. हैदराबादचा पत्ता त्याच्या अब्बांच्या शहागंजच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आता जो त्याचा चुलतभाऊ बसतो त्यानं दिला. त्याच्यावर रागावू नका, मी दोन तास त्याच्या काउंटरवरून हललो नव्हतो.

पत्र कामाचं आहे. दुसरं काही मनात धरू नये.

कंपनीत रईसा नावाची एक इंजिनियर मुलगी आली आहे. तुमच्याच पैठणची. तिला मी 'जोतं' शिकवतोय. भाभी, तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही म्हणून सांगतो. कारखान्यातल्या प्रेसच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याच्यावरचे काही प्रोग्राम लोकांना दिसतात: आकडे, दिवे, बटणं. त्या सगळ्यांच्या खाली एक प्रोग्राम असतो, तो कुणाला दिसत नाही. कोणी आधी चालायचं, कोणी वाट बघायची, कोणाला झोपेतून उठवायचं, हे तो ठरवतो. घराला जोतं असतं ना, तसा. लोक रंग बघतात, चौकट बघतात. जोत्याकडं बघतात ते खचल्यावर. आमच्या कंपनीच्या प्रेसमधलं ते जोतं जब्बारनं आणि मी लिहिलं. बारावी नापास मी, आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याचा मुलगा तो. विकत आणलेलं नाही, कुणाचं उतरवून घेतलेलं नाही. माझ्या टेबलावर 'सिनियर सिस्टीम्स डेव्हलपर' अशी पाटी आहे. नावापुढं डिग्री नाही, आणि ती जागा मी रंगाऱ्याकडून मुद्दाम मोकळी सोडवून घेतली आहे.

जोत्यातल्या कामांची नावं आम्ही आपल्या भाषेत ठेवली. म्हणजे मी ठेवली. धर, सोड, झोपव, उठव, थांब. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. जब्बार हसायचा. "कडू, तेरा मशीन बी पिशोर का हो गया रे," म्हणायचा. पिशोर माझं गाव.

तर परवा रईसानं विचारलं, "सर, थांब म्हणजे कोणतं थांब?"

"थांब म्हणजे थांब."

"तसं नाही सर. वाट बघ-वालं थांब, की बस कर-वालं थांब?"

मी म्हणालो, वर टीप आहे ती वाच. टीप माझीच, २००३ सालची: 'थांब : कारण दूर होईपर्यंत वाट बघते, मग सोडलं तिथून पुढं चालू होते.' तिनं वाचली आणि म्हणाली, "टीप बरोबर आहे सर. पण टीप कोण वाचतं? नाव मात्र सगळे वाचतात."

आताच्या मुली तोंडावर बोलतात. मला राग आला नाही, असं नाही.

तुला प्रश्न एवढाच: तू पहिल्यांदा हा शब्द वाचलास तेव्हा कोणता अर्थ धरला होतास? एका ओळीत कळव. मला तिला उत्तर द्यायचं आहे. बाकी इकडं ठीक.

कडूबा


औरंगाबाद,
९ सप्टेंबर २०१८

जब्बार,

एक ओळ लिहायला तुला तीन आठवडे लागत नाहीत. म्हणजे तू लिहिणार नाहीस. ठीक आहे, मीच लिहितो.

भाभी, २००९ साली काय झालं ते तुम्ही याच्या तोंडून ऐकलं असेल. तरी मी क्रमानं लिहितो, कारण याला क्रमानं सांगता येत नाही. हा आधी शेवट सांगतो आणि मग चहा मागतो.

वाळूजच्या एका शेडमध्ये पत्रा दाबायचा प्रेस आमच्या कंट्रोलरवर चालायचा. प्रेसला जाळीचं दार. दार उघडलं की वरून येणारा दट्ट्या जिथल्या तिथं उभा राहिला पाहिजे. दार परत लावलं तरी त्यानं हलायचं नाही. माणसानं हिरवं बटण दाबलं तरच पुढं. या दाराचा प्रोग्राम जब्बारनं लिहिला. दार उघडलं की काय करायचं, त्या जागी त्यानं लिहिलं, थांब. माझं थांब. आणि माझ्या थांबचा अर्थ, कारण दूर झालं की आपलं आपण पुढं चल. दार उघडं, हे कारण. दार लागलं की कारण संपलं.

बन्सी नावाचा माणूस बाजूच्या फटीतून हात घालून अडकलेला पत्रा काढत होता. दुसऱ्यानं समोरून दार लोटलं. बटणाला कुणीही हात लावला नव्हता. बन्सीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मशीन बाहेर पाठवण्याआधी आम्ही चाचणी घेतली होती, तिच्यात हे का दिसलं नाही? कारण दार लावलं की लगेच हिरवं बटण दाबलं जायचं. दट्ट्या खाली यायचा. बटणानंच आला, असं वाटायचं.

जब्बार, चौकशीच्या आदल्या दिवशी कँटीनमध्ये आपण भांडलो ते आठवतं का? मला शब्द न् शब्द आठवतो.

"थांब बोले तो रुक जा," तू म्हणालास. "तेरी माँ बकरी को क्या बोलती? थांब! तो बकरी क्या किसी की राह देखती?"

"आईला मधे आणू नको. एसटीच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं? थांबा. मग गाडी काय तिथंच मुक्काम करते? थांबते आणि पुढं जाते. ते थांब."

"हौ, जाती. कब जाती? कंडक्टर घंटी मारे तब जाती. तेरे थांब में कंडक्टर किधर है रे, कडू?"

आजूबाजूचे हसले. मी "चहा गार होतोय," एवढं म्हणालो.

अहवालात लिहिलं गेलं की प्रोग्रामरनं चुकीचं फंक्शन वापरलं. पुढच्या महिन्यात तू राजीनामा दिलास आणि बिऱ्हाड हैदराबादला नेलंस. मी दाराच्या प्रोग्राममध्ये थांबच्या जागी दुसरा शब्द घातला, 'बंद'. जोत्यातलं थांब तसंच राहू दिलं. शब्द चुकलेला नाही, वापर चुकला, असं माझं मत होतं. टीप स्वच्छ होती. नऊ वर्षं मी त्या टीपेवर उभा आहे.

आता कामाचं. रईसानं आमच्या सगळ्या मशिनींच्या प्रोग्राममधून, थांब जिथं जिथं वापरलंय ती ठिकाणं शोधून काढली. सगळी बरोबर आहेत. एक नाही. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचा जो मोठा प्रेस असतो, त्याच्या पेटीचं दार. अडकलेली रुई मोकळी करायला माणूस त्या पेटीत उतरतो. दार उघडलं तर काय करायचं, त्या जागी लिहिलंय, थांब.

ते २०१५ साली लिहिलेलं आहे.

तेव्हा तू इथं नव्हतास.

कडूबा


औरंगाबाद,
३० सप्टेंबर २०१८

जहांआराभाभी, तुमचं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं: 'ऐकतात. उठून जात नाहीत.' टेबलावरच्या पाटीच्या मागं ठेवलंय. आमच्या हिला, द्वारकाला, दाखवलं तर ती म्हणाली, "मग बसून लिहा की, मला काय दाखवता."

जब्बार, मागच्या पत्रातल्या एका वाक्याची दुरुस्ती. मी लिहिलंय, 'बटण दाबलं जायचं.' दाबायचो मी. दार तू लावायचास आणि बटण मी दाबायचो. एकदा तू म्हणालाही होतास, "अरे ठैर ना जरा, देख तो लेने दे." आणि मी म्हणालो होतो, अजून अर्धी यादी बाकी आहे, तू तमाशा नको करू. मला हे विसरल्यासारखं झालं होतं. विसरलो नव्हतो.

आणि जिनच्या प्रेसचं थांबही माझंच. त्या दिवशी काय झालं असेल ते मी बरोबर सांगू शकतो, कारण माझं डोकं कसं चालतं ते मला माहीत आहे. डोळ्यांपुढं चित्र होतं: माणूस पेटीत उतरलाय, दार उघडं आहे. प्रेसनं काय करावं? थांबावं. डोक्यानं मराठीत सांगितलं आणि बोटांनी लिहून टाकलं. टीप वाचली नाही. मी कशाला वाचू, माझीच टीप. पिशोरला आई बकरीला म्हणायची तेच थांब माझ्या हातून उतरलं. जे तुला माझ्यापेक्षा सहा वर्षं आधी कळलं होतं.

असे प्रेस पाच जिनमध्ये आहेत. कापूस दसऱ्यापासून यायला लागतो. म्हणून आधी खात्री करायला मी आणि रईसा कंपनीच्या जीपनं सोयगावला गेलो. जिनमध्ये हंगामाआधीची साफसफाई चालली होती. प्रेस चालवणारा फकिरा, पन्नाशीचा गडी, तोंडात तंबाखू. त्याला म्हणालो, प्रेस चालू कर, अर्ध्यात आला की दार उघड. उघडलं. दट्ट्या उभा राहिला. पेटी रिकामी आहे हे मी स्वतः वाकून बघितलं, मग दुसऱ्यांदा बघितलं. दार लावलं.

फकिराचा हात हिरव्या बटणाकडं निघाला.

"हात नको लावू," मी म्हणालो.

"मंग चालू कसा व्हनार?"

"नकोच होऊ दे."

माझा स्वतःचाच हात वर येत होता, जब्बार. जुनी सवय. मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले, शाळेत मास्तर उभं करायचे तसे. रईसा तोंडावर ओढणी धरून उभी होती. पत्र्यावर चिमण्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, नाही हलणार. मी चुकीचं वाचलं असेल. एक श्वास घेतला, सोडला.

आणि दट्ट्या आपोआप खाली निघाला. घाई नाही, गडबड नाही. जिथं सोडलं होतं तिथून पुढं. टीपेत लिहिल्याप्रमाणे.

रईसा म्हणाली, "अल्ला."

फकिरा मात्र खूश. "लई हुशार मशीन हाय ह्यो, साहेब. कवा कवा आमचा हात पोचायच्या आधीच निघतंय. आमी म्हनलं, साहेबांनी सुधारना केली."

"पेटीत माणूस उतरतो तेव्हा दार कोण धरतं?" मी विचारलं.

"दार कशाला धरायचं? उघडंच ऱ्हातं की. वाऱ्यानं एखांद्या वक्ताला लागलं तर लागलं."

मी खाली वाकून परत एकदा रिकाम्या पेटीत बघितलं. का बघितलं ते सांगता येणार नाही. माझं पिशोर तिथून लांब नाही. अशाच पेट्यांमध्ये माझ्या वर्गातली पोरं उतरून म्हातारी झाली.

भाभी, इथं जरा थांबून त्याच्या तोंडाकडं बघा आणि मला कळवा, हा काही म्हणाला का.

कडूबा


औरंगाबाद,
२१ ऑक्टोबर २०१८

जब्बार,

भाभींचं काही आलं नाही. म्हणजे तू काही म्हणाला नाहीस. मी पुढचं लिहितो.

पाचही जिनचे प्रेस दुरुस्त झाले. शेवटचा दसऱ्याच्या आदल्या दिवशी. कुणाला काही झालेलं नाही. हे आधी लिहिलं, कारण ऐकताना तुझा जीव त्यातच अडकला असेल.

आता बाकीचं. मी आप्पासाहेबांकडं गेलो होतो. मालकांचं आता वय झालंय, पण खुर्ची तीच. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कडूबा, दुरुस्ती करा. आत्ता निघा. गाडी घ्या, मुलगी घ्या. पण कागद करू नका. वार्षिक देखभाल म्हणा."

"तीन हंगाम माणसं पेटीत उतरलीत, आप्पासाहेब. त्यांना कळायला पाहिजे. दुसरं कुणी आमच्या कोडवर काही लिहिलं असेल, त्यालाही कळायला पाहिजे."

"कळवलं की पहिला प्रश्न काय येईल? याआधी असं झालं होतं का? मग वाळूजचं निघेल. मग तो अहवाल निघेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्यावर सही कुणाची आहे, आठवतं ना?"

आठवतं. जोत्याचा जबाबदार माणूस म्हणून सही मी केली होती. हे अहवालाचं लिहिलं तिथंच यायला हवं होतं.

आता ज्याच्यासाठी ही सगळी पत्रं लिहितोय ते. पहिल्या पत्रात मी म्हटलं की पत्र कामाचं आहे. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण नव्हतं.

चौकशीच्या खोलीत विचारलं गेलं, चाचणी कशी घेतली? तू उठलास. "साब, दरवाजा मैं लगाता था, और बटण—" एवढं बोललास आणि मी तुझ्या दंडाला हात लावून म्हणालो, "थांब."

मला म्हणायचं होतं, थांब, पुढचं मी सांगतो. बटण माझं होतं, मीच सांगायला पाहिजे होतं. तू खाली बसलास. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी कोडचा कागद सरकवून विचारलं, ही वरची टीप कुणाची? मी म्हणालो, माझी. ते म्हणाले, स्वच्छ लिहिली आहे, यात संशयाला जागा नाही. नापास माणसाला असं वाक्य रोज ऐकायला मिळत नाही, जब्बार. मी ते जरा जास्त वेळ ऐकत राहिलो. तोपर्यंत दुसरा प्रश्न सुरू झाला होता.

बटणाचं परत कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आणि तू त्या खोलीत, त्यानंतर जिन्यात, गेटवर, आजपर्यंत, एक शब्द बोलला नाहीस. मी तुला थांब म्हणालो आणि तू थांबलास. पूर्ण.

माझं थांब त्या दिवशी कोणतं होतं? नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, वाट बघ-वालं. सोयगावला हात पाठीमागं बांधून उभा होतो तेव्हा त्याचीही खात्री करून बघितली. खात्री होत नाही. ज्यानं गाडी थांबवली त्यानंच पुढं कधीतरी घंटी मारायची असते. मी मारली नाही. मग ते थांब कोणतं होतं, हे आता मी नाही, तूच सांगू शकतोस. ज्याला ऐकू गेलं त्याचाच अर्थ खरा. रईसा नावाबद्दल म्हणाली होती तेच.

कागद मी केला. पाच जिनच्या मालकांना, माझ्या सहीनं. त्यात वाळूजचंही लिहिलं: शब्दाला दोन अर्थ होते, शब्द मी निवडला. जब्बारनं तो, मराठी माणूस वापरेल त्याच अर्थानं वापरला. चाचणीत बटणावर हात माझा होता. एक प्रत आप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली.

"मराठी चांगलं लिहिता तुम्ही," म्हणाले. मग, "आता घरूनच काम बघा. सल्लागार म्हणून."

सल्लागार म्हणजे काय ते भाभींना समजावून सांग. नाही सांगितलंस तरी त्यांना कळेल.

पाटी मी घरी आणली आहे. द्वारका म्हणाली, कुठं लावायची? अजून लावलेली नाही.

कडूबा


औरंगाबाद,
४ नोव्हेंबर २०१८

जब्बार,

दिवाळी तोंडावर आली. घरात चकलीचा वास आहे आणि मला दुपारी दोनला कुणी मीटिंगला बोलावत नाही. सवय व्हायला वेळ लागेल.

काल वाळूजला गेलो होतो, बन्सीकडं. रांजणगावात त्याचा चहाचा गाडा आहे. मी ओळख द्यायला लागलो, तर म्हणाला, "वळखलं की. तुमी चौकशीतले टीपवाले साहेब."

मी त्याला सगळं सांगितलं. क्रमानं. तो एकीकडं गिऱ्हाईक करत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "म्हंजी एवढी वर्सं तुमा दोघांचं एका शब्दावर अडलं व्हतं?"

"हो."

"आन् माझी बोटं कुनाच्या शब्दात गेली? तुमच्या का जब्बारभाईच्या?"

"माझ्या."

त्यानं किटली खाली ठेवली. "बरं झालं सांगितलं. त्यो बिचारा दर ईदला फोन करतो. दर बारीला म्हनतो, माफ कर बन्सी. मी म्हनतो, आरं तू किती येळा मागशील? आता पुढच्या बारीला सांगतो त्याला, तुझी पाळी संपली म्हनून."

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी पयल्यांदाच आला. चहा घ्या."

तू फोन करतोस हे मला माहीत नव्हतं.  माफी मागायची ती माझी होती, आणि तीही तूच मागत राहिलास. बन्सीची माफी मी काल मागितली. तो "व्हय व्हय" म्हणाला आणि पैसे घेतले चहाचे. बरोबर केलं त्यानं.

आता जोत्याचं. रईसा येते रविवारी, लॅपटॉप घेऊन. आप्पासाहेबांना माहीत आहे, ते बोलत नाहीत. आम्ही थांबचा अर्थ बदलला. आता थांब म्हणजे तू म्हणतोस ते: उभं राहा, कारण संपलं तरी हलू नको. त्याच्या जोडीला एक नवं काम लिहिलं. ते झाल्याशिवाय थांबलेलं काही पुढं जात नाही. त्याचं नाव ठेवलं 'घंटी'. रईसा हसायला लागली. मी तिला कँटीनमधलं भांडण सांगितलं तेव्हा अजून हसली. म्हणाली, "सर, मग कंडक्टर आला म्हणायचा." मी म्हणालो, उशिरा आला.

राहिलं वाट बघ-वालं. त्याला नवा शब्द पाहिजे. रईसा म्हणाली, इंग्रजी ठेवू. मी म्हणालो, माझ्या जोत्यात नाही. मग मला चाचणीच्या वेळचं तुझं वाक्य आठवलं. अरे ठैर ना जरा, देख तो लेने दे. इतकं बरोबर आणि इतक्या वेळेवर कुणी मला कधी काही सांगितलं नव्हतं. तर शब्द 'ठैर'.

पण अडचण आहे, आणि ती तुलाच सोडवावी लागेल. इंग्रजी अक्षरांत आपला थ आणि ठ एकसारखाच लिहितात. थांब आणि ठैर, दोन्ही टी-एच-ए. घाईत लिहिणारा पुन्हा घोटाळा करील, आणि घाईत लिहिणारे आपल्यानंतरही येणारच आहेत. ठैरचं स्पेलिंग कसं करायचं ते तू ठरव. शब्द तुझा आहे. मशिनींचं काम अडलेलं नाही, पण ती एक जागा मी मोकळी ठेवली आहे. वर टीप लिहिलेली नाही. नाव नीट असेल तर टीप लागणार नाही.

पाटी परवा रंगाऱ्याकडं दिली. माझ्या नावापुढं मोकळी जागा होती ना, तिथं तुझं नाव घालायला सांगितलं. 'जोतं, यांनी बांधलं' एवढंच वर राहील. लावायची कुठं ते अजून ठरलं नाही. शहागंजच्या दुकानात लावू म्हणतो, तुझ्या अब्बांच्या फोटोखाली. तिथंच शिकलो दोघं. तुझी हरकत असेल तर लावणार नाही.

जहांआराभाभी, पत्र संपलं. आता हे घडी करून ठेवा आणि लगेच त्याला विचारू नका, मग काय लिहू उत्तर? दार लावल्याबरोबर बटण दाबायची घाई मी करून बघितली आहे.

तुम्ही जरा ठैरा.

कडू